नखाएवढे दुःख

२०२३ सालचा जानेवारी महिना. संक्रांत होऊन आठवडा उलटला होता. मी मिरजेच्या एका रुग्णालयात त्वचारोग विभागाबाहेरच्या बाकावर बसले होते. नंबर यायला वेळ होता. तेवढ्यात एक शिकाऊ डॉक्टर, वयाने माझ्या मुलीपेक्षाही लहान, हातात कागद घेऊन आला. म्हणाला, ''काकू, दहा प्रश्न आहेत. गेल्या आठवड्याचं आठवून उत्तरं द्यायची. फार विचार करू नका.''

प्रश्न साधे होते. गेल्या आठवड्यात खाज सुटली का, दुखले का? संकोच वाटला का? बाजारहाट, घरकाम यांत अडचण आली का? कपडे निवडताना आजाराचा विचार करावा लागला का? लोकांत मिसळणे, खेळ, नोकरी, जवळच्या माणसांशी संबंध, पतिपत्नीसंबंध आणि शेवटी उपचारांचाच काही त्रास होतो का? प्रत्येकापुढे 'खूपच', 'बराच', 'थोडा', 'अजिबात नाही' अशी उत्तरे. खूपचला तीन गुण, अजिबात नाहीला शून्य. काही प्रश्नांपुढे 'मला लागू नाही' अशीही एक चौकट. तिलाही शून्यच.

मी प्रामाणिकपणे खुणा केल्या. दुखणे थोडे. संकोच बराच. घरकामात अडचण थोडी. उपचारांचा त्रास थोडा. नोकरीतून मी निवृत्त झालेली, तेव्हा तो प्रश्न लागू नाही. खेळ लागू नाही. एका प्रश्नावर आजूबाजूला बघून घाईघाईने 'लागू नाही' केले. लोकांत मिसळण्यात अडचण? अजिबात नाही. मुलाने तिथेच उभ्या उभ्या बेरीज केली. ''पाच! तीसपैकी पाच म्हणजे अल्प परिणाम. छान आहे की काकू!''

मग आत बोलावणे आले. डॉक्टरीणबाईंनी माझे हात बघितले आणि नर्सला ॲसिटोनचा बोळा आणायला सांगितला. माझ्या नखांना गडद मरून रंग होता. तो लावल्याशिवाय घराबाहेर न पडण्याची माझी वर्षानुवर्षांची सवय. नखांचा आजार दाखवायला जातानाही मी रंग लावूनच गेले होते आणि ते माझ्या लक्षातही आले नव्हते. रंग पुसला गेला. दहाही बोटे टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर पसरून ठेवली. बाईंनी भिंग घेऊन एकेक नख पाहिले, तोंडाने आकडे सांगितले, नर्सने लिहून घेतले. बेरीज आली ४६. ऐंशीपैकी शेहेचाळीस.

एकाच बाईची, एकाच सकाळी, एकाच छपराखाली घेतलेली ही दोन मापे. एक म्हणते नखे निम्म्याहून अधिक बिघडली आहेत. दुसरे म्हणते हिच्या आयुष्यावर फारसा परिणाम नाही. छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला दोन खात्यांचा मेळ बसला नाही की झोप येत नाही. म्हणून या मापांच्या मागे लागले. जे समजले ते माझ्यासारख्या इतरांच्याही उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून हा लेख.

सोरायसिस हे नाव आता बहुतेकांच्या कानावरून गेलेले असते. शरीराची संरक्षणव्यवस्था बिनसते, त्वचेच्या पेशी अवाजवी वेगाने तयार होऊ लागतात आणि लाल चट्ट्यांवर चंदेरी पापुद्रे धरतात. हा आजार स्पर्शाने पसरत नाही. हे वाक्य मी आयुष्यात किती जणांना ऐकवले असेल याची मोजदाद नाही. २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या महासभेने सोरायसिसवर खास ठराव केला, त्यातही या आजारामुळे माणसाला सोसाव्या लागणाऱ्या सामाजिक अवहेलनेचा उल्लेख आहे.

नखांचे प्रकरण मात्र मागेच राहते. सोरायसिस असलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या नखांवर तो कोणत्याही वेळी दिसतो आणि आयुष्यात कधी ना कधी नखांना झळ लागणाऱ्यांचे प्रमाण ८० ते ९० टक्के सांगतात. काहींच्या बाबतीत तर अंगावर जवळजवळ काहीच नसते. जे असते ते नखांतच. माझे तसेच. कोपरांवर दोन रुपयांएवढे चट्टे आणि बाकी सगळा कारभार दहा बोटांच्या टोकांशी.

नख तयार होते ते कातडीखाली लपलेल्या मुळापाशी. आजार या मुळात शिरला की वरच्या पृष्ठभागावर टाचणीने टोचल्यासारखे खळगे पडतात. शिंप्याचे अंगुस्तान पाहिले असेल, तसे. आणखी बिघडले तर नख खडबडीत होते, त्याचा चुरा पडू लागतो. आजार नखाखालच्या गादीत शिरला तर नख गादीपासून सुटते, पुढून पांढरे-पिवळे दिसू लागते, मध्येच तेलाचा थेंब पडल्यासारखा तांबूस डाग उमटतो, नखाखाली पिठासारखा थर साचून ते वर उचलले जाते. सुटलेल्या नखाखाली काहीही शिरते आणि शिरलेले निघत नाही. सांगलीत राहणाऱ्या बाईला हे वेगळे सांगायला नको. आमची बँकेची शाखा हळदीच्या पेठेजवळ. तिथल्या नोटांनाही हळदीचा वास आणि रंग. ती हळद माझ्या नखांखाली जाऊन बसे ती बसेच.

मी १९८५ साली बँकेत लागले. नखांची सुरुवात झाली १९९९ च्या पावसाळ्यात. उजव्या हाताच्या तर्जनीपासून. पाण्यात हात फार असतात, चिखल्या झाल्या असतील, असे घरच्यांनी ठरवले. पुढे एका डॉक्टरांनी नजरेनेच बुरशीचे निदान केले आणि मी जवळजवळ दीड वर्ष बुरशीच्या गोळ्या घेतल्या. नखाखालचा चुरा काढून तो पोटॅशियम हायड्रॉक्साईडच्या द्रावणात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की बुरशी आहे की नाही हे बहुतेक वेळा कळते, ही साधी गोष्ट मला फार पुढे समजली. दोन्ही आजार एकाच नखात नांदू शकतात, हेही खरे. पण माझ्या नखांत बुरशी नव्हती.

रोखपालाचे काम म्हणजे दिवसभर हात जगासमोर. खिडकीच्या अर्धगोलातून गिऱ्हाइकाला आपला चेहरा नीट दिसत नाही, पण हात दिसतात. ओल्या स्पंजवर बोट टेकवायचे आणि नोटा मोजायच्या. एकदा एक वयस्कर गृहस्थ, वर्षानुवर्षांचे खातेदार, मी पुढे केलेल्या नोटा हातात न घेता म्हणाले, ''तिथं ठेवा, मी घेतो.'' आवाजात राग नव्हता, उलट सौजन्यच होते. त्या दिवशी संध्याकाळी मी नेलपॉलिशची पहिली बाटली विकत घेतली. रबराची टोपणे बोटांत घालून नोटा मोजू लागले. दोन वर्षांनी स्वतःहून मागच्या टेबलावर बदली मागून घेतली. कारण म्हणून पाठदुखी लिहिली.

२०१२ साली मुलीला बघायला पाहुणे आले. मी पोह्यांच्या बश्या पुढे करीत होते. मुलाच्या मावशींची नजर माझ्या हातावर स्थिरावली. ''नखांना काय झालंय हो?'' मी म्हटले, ''हळदीचं आहे.'' चार दिवसांनी पत्रिका जुळत नसल्याचा निरोप आला. खरेच जुळत नसेलही. पुढे मुलीचे लग्न उत्तम घरी झाले. पण त्या दिवसापासून पाहुण्यांसमोर बश्या फिरवण्याचे काम माझ्या जाऊबाईंकडे गेले ते कायमचे. या आजाराचा कल घराण्यातून येऊ शकतो हे खरे आहे. आईला आहे म्हणून मुलीला होईलच असे मात्र मुळीच नाही. हे त्या वेळी मला ठाऊक असते तर हळदीचे नाव पुढे केले नसते.

आता मापांकडे येऊ. सोरायसिस किती पसरला, किती लाल, किती जाड, पापुद्रे किती, यांचे गणित मांडून शून्य ते ७२ असा आकडा काढण्याची पद्धत स्वीडनमधील फ्रेडरिक्सन आणि पीटरसन यांनी १९७८ साली दिली. 'पासी' या नावाने ती जगभर रूढ झाली. नवे औषध आले की पहिला प्रश्न असतो, पासी कितीने उतरला? या हिशेबात डोके, धड, हात, पाय सगळे आहे. नखे नाहीत. वीस नखांचे क्षेत्रफळ अंगाच्या मानाने ते किती! कातडीच्या जमाखर्चात ते धरायचे कशाला, असा त्यामागचा हिशेब असावा.

पुढे डॉक्टरांच्याच लक्षात आले की चट्टा किती मोठा आणि माणूस किती बेजार हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. वेल्समधील कार्डिफ इथे अँड्र्यू फिनले आणि गुल करीम खान यांनी १२० रुग्णांना विचारले, की तुमच्या आजाराचा आणि उपचाराचा तुमच्या आयुष्यावर काय परिणाम होतो? त्या उत्तरांतून १९९४ साली दहा प्रश्नांची जी प्रश्नावली तयार झाली, तीच मी मिरजेला बाकावर बसून भरली. तिला 'डीएलक्यूआय' म्हणतात. शून्य ते एक म्हणजे परिणाम नाही, दोन ते पाच अल्प, सहा ते दहा मध्यम, अकरा ते वीस फार मोठा, त्यापुढे पराकोटीचा. सोपी, दोन-तीन मिनिटांत होणारी. म्हणून जगभर पसरली. दहाच्या वर गुण गेले की आजार गंभीर समजावा, असा दंडकही पडला. नुसती मलमे पुरेत की पोटातली औषधे, महागडी इंजेक्शने द्यावीत, हे ठरवताना हा दहाचा आकडा अनेक देशांत पाहिला जातो. तेव्हा तो कागद भरणे म्हणजे नुसता सोपस्कार नव्हता. माझ्या पाच गुणांनी माझी रवानगी मलमवाल्यांच्या रांगेत केली होती.

नखांसाठी वेगळे माप आले २००३ साली. अमेरिकेतील फीबी रिच आणि रिचर्ड शेर यांनी ते दिले; नाव 'नॅप्सी'. प्रत्येक नखाचे मनाने चार भाग करायचे. मुळाच्या बिघाडाची खूण किती भागांत दिसते याला शून्य ते चार, गादीच्या बिघाडाला शून्य ते चार. एका नखाचे जास्तीत जास्त आठ, दहा बोटांचे ऐंशी, पायांची धरली तर एकशे साठ. माझे शेहेचाळीस ते हेच. आता नखाला नखाचे माप मिळाले, पण ते डॉक्टरांच्या डोळ्यांचे. एक खळगा चौथ्या भागात असला काय आणि सगळा चौथा भाग खळग्यांनी भरलेला असला काय, गुण सारखाच. शिवाय उजव्या हाताचा अंगठा आणि डाव्या हाताची करंगळी यांनाही एकच भाव. शर्टाचे बटण लावताना विचारून पाहावे, दोघांची किंमत सारखी आहे का!

नखे बिघडल्याने माणसाचे नेमके काय अडते, हे आधीही कोणी विचारले नव्हते असे नाही. नेदरलँड्समध्ये १७२८ सोरायसिसग्रस्तांची पाहणी झाली, ती १९९६ साली प्रसिद्ध झाली. नखांचा त्रास असलेल्यांपैकी ९३ टक्के लोकांना दिसण्याचे दुःख होते. ते अपेक्षितच. पण निम्म्याहून अधिकांना वेदना होत होत्या. सुमारे ५९ टक्के लोकांची रोजची कामे अडत होती, ५६ टक्के लोकांना घरकाम जड जात होते आणि जवळपास ४८ टक्के लोकांच्या नोकरी-व्यवसायात अडचण होती. नखांचा आजार म्हणजे सौंदर्याचा प्रश्न, हा समज पुसून टाकायला हे आकडे पुरेसे होते. पुढे २०१० साली फ्रान्समधून नखांपुरती दहा प्रश्नांची स्वतंत्र प्रश्नावली आली. २०१४ साली हॅम्बुर्गचे मथियास ऑगुस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नाप्पा' नावाची व्यवस्था मांडली. तिच्यात नखांची लक्षणे, लोकांच्या नजरा आणि रोजची कामे अशा तिन्ही अंगांनी प्रश्न आहेत आणि उपचारातून तुम्हाला नेमके काय हवे आहे, ते किती मिळाले, हेही विचारले जाते. दरम्यान २०११ साली युरोपातील तज्ज्ञांनी एकमताने ठरवले की अंगावर आजार थोडा असला, तरी हातांची निदान दोन नखे गादीपासून सुटली किंवा विद्रूप झाली असतील, तर तो आजार सौम्य न धरता वरच्या वर्गात घेता येईल. ज्यांच्या हिशेबात नखे नव्हती त्यांच्याकडे नखांना अखेर जागा मिळाली.

मग माझ्या दहा प्रश्नांचे काय चुकले? डॉक्टरीणबाईंनी तो कागद पाहिला, ४६ चा आकडा पाहिला, आणि विचारले, ''लोकांत मिसळायला काहीच अडचण नाही म्हणता?'' मी म्हटले, ''नाही.'' ''गेल्या आठवड्यात कुठे हळदीकुंकवाला गेला होतात?'' मी गप्प. संक्रांत ते रथसप्तमी म्हणजे आमच्याकडे हळदीकुंकवांची रीघ. त्या आठवड्यात तीन घरची बोलावणी होती, तिन्हीकडे जाऊबाई गेल्या. समोरच्या सवाष्णीच्या कपाळाला आपले बोट लावायचे आणि तिने त्या बोटाकडे बघायचे, हा प्रसंग मी दहा-बारा वर्षांपूर्वीच आयुष्यातून काढून टाकला होता. गेले नाही तर अडचण कसली? म्हणून शून्य. बँकेतली खिडकी सोडली, म्हणून नोकरीतली अडचण शून्य. ज्याने वाटच बदलली त्याला खड्डा लागत नाही. प्रश्नावली विचारते गेल्या आठवड्याचे आणि माझे जे जायचे ते त्याआधीच्या वीस वर्षांत गेले होते.

दुसरी गोष्ट वेळेची. बोटाचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते. मुळापासून टोकापर्यंत यायला त्याला सहा महिने लागतात, पायाच्या अंगठ्याला वर्ष-दीड वर्ष. आज टोकाशी दिसणारा खळगा सहा महिन्यांपूर्वी पडलेला असतो. औषध लागू पडले तरी ते दिसायला तेवढेच दिवस. अशा संथ आजाराला सात दिवसांची पट्टी लावली, की हातात येते ते एका आठवड्याचे हवामान.

आणि 'लागू नाही' ही चौकट. तिला शून्य गुण म्हणजे 'त्रास नाही' आणि 'प्रश्नच उद्भवत नाही' यांची एकच किंमत. जे निवृत्त, जे एकटे, जे कधी खेळले नाहीत, त्यांचे गुण आपोआप कमी. या त्रुटीवर तज्ज्ञांचेही लक्ष गेले असून लागू नसलेले प्रश्न वगळून गुणांचे प्रमाण नव्याने काढण्याची रीत २०१८ साली सुचवली गेली आहे. मूळ प्रश्नात घराबरोबर बागेची निगा राखण्याचाही उल्लेख आहे. कार्डिफच्या माणसाला घरामागे बाग असते. इथे दोन खोल्यांत राहणाऱ्या बाईला त्या जागी काय विचारायचे? भाकरी थापता येते का, मेथी निवडता येते का, निऱ्या खोचता येतात का? भाषांतर शब्दांचे होते. दिवसभराच्या कामांचेही व्हायला हवे.

त्याच बाकावर माझ्याशेजारी एक शेतमजूर बाई होत्या. माझ्याच वयाच्या, नखे माझ्यासारखीच, किंबहुना माझ्याहून बरी. वाचता येत नव्हते म्हणून तो शिकाऊ डॉक्टर प्रश्न वाचून दाखवत होता. संकोचाच्या प्रश्नावर तो म्हणाला, ''मावशी, लाज वाटते का?'' बाई म्हणाल्या, ''लाज कशाची बाळा? खुरपं धरवंना झालंय, त्ये लिव की.'' भांगलणीला बसले की सुटलेल्या नखाखाली माती शिरते, रात्री बोट ठणकते, दुसऱ्या दिवशी रोजगार बुडतो. तिच्या कागदावर संकोच शून्य आणि काम 'खूपच'. माझ्या कागदावर संकोच दोन आणि काम 'लागू नाही'. नखे सारखी, आयुष्ये वेगळी. अशा प्रश्नावल्या का हव्यात, याचे उत्तर मला त्या बाकावर मिळाले. भिंगातून पाहणाऱ्याला हा फरक कधीच दिसला नसता. कागद अपुरा असेल, पण विचारले तर गेले! चोवीस वर्षांत मला कोणी विचारले नव्हते.

डॉक्टरीणबाईंनी मग एक साधा उपाय केला. कोरा कागद पुढे केला. ''मागच्या आठवड्याचं राहू द्या. हा त्रास सुरू झाल्यापासून जे जे करायचं सोडलंत, ते घरी बसून लिहून आणा.'' मला वाटले चार-पाच ओळी होतील. रात्री लिहायला बसले तर सतरा झाल्या. लसूण सोलणे. लिंबू पिळणे. मटार सोलणे. कणीक मळणे. रांगोळी. भाचीच्या केसांत गजरा माळणे. मंगळसूत्राचा फासा स्वतः लावणे. दुकानदाराकडून सुटे पैसे तळहातावर घेणे; मी ते पाकिटातच टाकायला सांगते. जमिनीवर पडलेली टाचणी उचलणे. पंगतीत वाढणे. कुंकू लावणे. फोटोत हात दिसू देणे. बरणीचे झाकण उघडणे...

बाईंनी यादी वाचली आणि बरणीपाशी थांबल्या. झाकण नखाने उघडत नाहीत, बोटांच्या पेरांनी उघडतात. ''सकाळी बोटं आखडलेली असतात का?'' असतात. किती वेळ? चहा होईपर्यंत, तासभर. मी ते वयावर ढकलले होते. नखाचे मूळ आणि बोटाच्या शेवटच्या सांध्यापाशी हाडाला चिकटणारा स्नायुबंध हे एकमेकांचे सख्खे शेजारी. म्हणूनच ज्यांच्या नखांत सोरायसिस आहे त्यांना सोरायसिसचा संधिवात होण्याचा धोका अधिक असतो. वेळीच औषध मिळाले नाही तर हे सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात. क्ष-किरण तपासणी झाली, संधिवाताच्या तज्ज्ञांनी पाहिले. सुरुवात झालेली होती. पाच गुणांच्या कागदाने मला मलमे दिली असती. सतराव्या ओळीने सांधे वाचवले.

मेथोट्रेक्सेट सुरू झाले. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते; चुकून रोज घेतले तर जिवावर बेतते, म्हणून आमच्या कॅलेंडरवर दर रविवारी लाल खूण असे. सोबत फॉलिक ॲसिड, ठरावीक दिवसांनी रक्ताची तपासणी. घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी मळमळ. नखे तळाशी कापलेली ठेवायची, नखाखाली काडी घालून कोरायचे नाही, कारण इजा झाली की आजार तिथेच पुन्हा डोके काढतो. भांडी घासताना हातमोजे. चौथ्या महिन्यात मुळाशी गुळगुळीत नखाची एक कोर दिसू लागली. मी ती रोज बघत असे, अमावास्येनंतरची चंद्रकोर बघावी तशी.

बरोबर वर्षाने, २०२४ च्या जानेवारीत, पुन्हा तोच बाक आणि तेच दहा प्रश्न. नॅप्सीचा आकडा ४६ वरून १८ वर आला होता. सकाळचे आखडणे पाच मिनिटांवर. आणि माझे गुण? दुखणे शून्य. संकोच बराच. घरकाम थोडे. उपचारांचा त्रास या खेपेस बराच. लोकांत मिसळण्यात अडचण थोडी; कारण मी त्या आठवड्यात खरोखरच एका हळदीकुंकवाला गेले होते आणि जिना चढताना पाय अडखळले होते. बेरीज सहा. म्हणजे कागदाच्या भाषेत माझा आजार 'अल्प'वरून 'मध्यम' झाला होता!

बाई हसल्या. दोन्ही आकडे त्यांनी माझ्या कागदावर शेजारी शेजारी लिहिले आणि खाली यादीचा हिशेब मांडला. सतरापैकी नऊ ओळींवर काट मारली होती. लसूण, लिंबू, कणीक परत आली. बरणी उघडते. सुटे पैसे मात्र मी अजून पाकिटातच टाकायला सांगते. नख सुधारले तरी मूठ आपोआप मिटते, त्याला औषध नाही असे दिसते. असो.

बँकेत आम्हाला शिकवले होते की मेळ बसत नसेल तर दोन्ही खाती पुन्हा तपासा, एक फाडून टाकू नका. भिंगातून मोजलेली नखे, दहा प्रश्नांचा कागद आणि रोग्याने स्वतःच्या हाताने लिहिलेली यादी, या तिन्ही नोंदी हव्यात. वाचकांपैकी कोणाची नखे अशी असतील तर त्यांनी डॉक्टरांकडे जाताना रंग पुसून जावे आणि काय काय सोडले त्याची यादी बरोबर न्यावी. कोणी विचारले नाही तरी पुढे करावी. बोटांचे सांधे सकाळी आखडत असतील तर ते सर्वांत वर लिहावे.

त्या हळदीकुंकवाला माझ्यासमोर एक नवी नवरी बसली होती. मी करंड्यात बोट बुडवले. बिनरंगाचे बोट, टोकाशी अजून थोडे वेडेवाकडे. तिने माझ्या हाताकडे पाहिले की नाही, मला माहीत नाही. तिने डोळे मिटून कपाळ पुढे केले होते.